हातात राहिलेली चौथी टाळी

बाबानू, पेन्सिल तुमचीच घेतली आहे, कानावरची, आणि लिहिते आहे शाळेतल्या मराठीत, कारण कागदावर मला दुसरं येत नाही. तेसुद्धा सातवीपर्यंतचंच, तेव्हा चुका काढू नका. तोंडाने आपण भांडायचो ते मालवणीत, पण ते भांडण तुम्ही अर्धं टाकून गेलात. ही सवय तुमची जुनीच. मी बोलत असायची आणि तुम्ही ऐकायलाच आलं नाही असं दाखवून परसात नारळाची सोडणं गोळा करायला निघायचात. खरंच ऐकायला येत नव्हतं की सोंग होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

शेजारची शेवंताकाकी म्हणते, "गेलेल्या मानसार कसलो राग काढतंस गो? सासरो होतो तो तुझो, घोव नाय भांडूक."

आता नवरा मुंबईला गोदीत, वर्षातून दोनदा येणार, मग मी भांडू कोणाशी. घरात आपण तिघंच, तुम्ही, मी आणि मंजी. मंजी चौदा महिन्यांची. तिच्याशी भांडता येत नाही, आणि तिला मागून हाक मारली तर ती वळत नाही. हेच तर भांडण होतं आपलं.

त्या सकाळी मी पाणी घेऊन येत होते, डोक्यावर हंडा, काखेत कळशी, आणि तुमचा तो भोंगा मला विहिरीपासूनच ऐकू येत होता. काकी कुंपणावर कपडे घालत होती, हसली. "काय गो, तुझो सासरो आज बोट सोडता काय धक्क्यावरसून?" रोजचंच होतं हे, पण त्या दिवशी मला लागलं. रात्रभर मंजीला ताप होता, माझा डोळ्याला डोळा नव्हता, आणि घरात पाऊल टाकते तर टेपचं बटण जवळजवळ टोकाला फिरवलेलं, मंजी त्याच्या अगदी पुढ्यात चटईवर, सावंतवाडीच्या लाकडी पोपटाची चोच चोखत बसलेली, आणि तुम्ही तिच्या मागे उकिडवे. मी हंडा खाली ठेवायच्या आधी ओरडले.

"बंद करा तो भोंगो. आपणाक ऐकूक येना नाय म्हणान अख्ख्या गावाक बहिरो कित्याक करतास?"

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मंजीकडे बघितलंत. मग टेप बंद केलीत, पेन्सिल कानावर ठेवलीत आणि पडवीतल्या खुर्चीत जाऊन बसलात. तासाभराने मी चहा घेऊन आले, राग उतरला होता, चहात आलं घातलं होतं तुम्हाला आवडतं म्हणून. दोन हाका मारल्या, तुम्हाला लागतात तशा जोरात. तिसरी मारली नाही. कळलं.

म्हणजे मी तुमच्याशी शेवटचं बोलले ते हे. बहिरो कित्याक करतास. आता हे वाक्य मी कुठे ठेवू ते सांगा. दुसरं एखादं बोलायला वेळ दिला असतात, चहा तरी घेतला असतात, "साखर कमी घातलंस" म्हणून करवादला असतात तरी चाललं असतं.

शिरोड्याहून तुमची लेक आली ती अंगणाच्या बेड्यापासूनच हंबरडा फोडत आली. मग सगळ्या बायका. एवढं रडणं मी सासूबाई गेल्या तेव्हा पण ऐकलं नव्हतं, माझेच कान बधिर झाले. आणि मंजी माजघरात पाळण्यात झोपलेली, ताप उतरून घाम आलेला, हात डोक्याशी. कोणी तिच्यावर ओणवून रडलं तरी पापणी हलली नाही. काकी म्हणाली, "कितक्या गुणाचां चेडू गो, येवढ्या आकांतात निजलां हां बघ." सगळ्या बायका हो म्हणाल्या. लोक मला धरून बसले, त्यांना वाटलं सासऱ्यासाठी थरथरते आहे. तुमच्यासाठीही थरथरत होते, खोटं कशाला सांगू, पण तुमच्याकडे बघत मनात एकच म्हणत होते, आता सांगा, ऐकते ना ती, आता सांगा.

कारण सहा महिने तुम्ही तेच सांगत होतात. "ऐकता ती."

आधी मलाही वाटायचं ऐकते. हातातून ताट पडलं की ती दचकायची. आठ महिन्यांची असताना एकदा मी तिच्या पाठीमागे उभी राहून टाळी वाजवली, सहज, गंमत म्हणून. ती वळली नाही. परत वाजवली. हात लाल होईपर्यंत वाजवल्या. मग पुढून गेले तर लगेच हसली. तेव्हापासून माझं दिवसभर तेच. मागून मंजी म्हणायचं, चमचा वाजवायचा, दाराची कडी वाजवायची. ताट पडलं की मात्र वळायची, आणि ते जमिनीतून तिच्या अंगाला कळत होतं हे मला कसं समजणार, मी काय डॉक्टर आहे. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "तुझी हाक दिवसाक शंबर वेळा. कोण वळतलो तुझ्या हाकेक?"

मी म्हटलं पणजीला कानाचा डॉक्टर आहे, जाऊया.

"पाऊस जाऊं दे."

पाऊस गेला.

"देवळातली जत्रा होऊं दे."

जत्रा झाली.

"दात येऊं देत, मगे बघू. माझ्या शिंगाक वळता ती. शिंग वाजलां की मान फिरवता. तू बघ एकदा."

मी बघितलं नाही. ते टेपवरचं शिंग लागलं की मी भांडी घेऊन मागच्या दारी जाऊन बसायची, आणि शिवाय मला वाटायचं, ज्याला स्वतःला दारात उभी असलेली एसटी ऐकू येत नाही तो माझ्या पोरीच्या कानाची साक्ष काय देणार. तेही तोंडावर बोलले होते तुम्हाला. तुम्ही म्हणालात, "बहिरो झालंय म्हणान खोटारडो झालंय काय?"

आणि त्यात तुमचं ते दुसरं. सकाळ झाली की, "दूध पुरता मां पोराक?" सासऱ्याने सुनेला विचारायची गोष्ट आहे ही? बाजारात गेलात की हळीव आणायचात, मेथ्या आणायचात, दुधाला बऱ्या म्हणून कोणी बोंडीच्या बिया सांगितल्या तर त्या आणल्यात, आणि मी खाते की नाही ते बघायला चुलीपाशी उभे. मी लाजेने अर्धी व्हायचे. शेवटी वन्संना पत्र लिहिलं, तुमच्या वडलांना जरा समज द्या. वन्संनी उलट लिहिलं, आई नाही तर आईचं काम करताहेत, करू दे. मी आणखी चिडले.

आता त्या भोंग्याचं. ती गोष्ट लग्न होऊन आल्यापासून मी इतक्यांदा ऐकली की झोपेत सांगेन. हाम्बुर्गला तुमची बोट माल उतरवायला लागली होती. खलाशांच्या क्लबात फुकट तिकिटं आली, बाकीचे दारूच्या दुकानात गेले, आणि इंजिनातला हा तेलवाला एकटा गेला, कारण तिकिटावर शिंगाचं चित्र होतं. तुम्हाला वाटलं आपल्या देवळात पालखीपुढे वाजतं तसलं काहीतरी असेल, दोन मिनिटं वाजवतील आणि नारळ फोडतील.

आत बघता तर काळे कोट घातलेली शंभर माणसं. पहिल्यांदा सिंफनी. तुम्ही शिंपणी म्हणायचात. सगळ्या व्हायोलिनी एकदम सुरू झाल्या, तुमच्या कानात इंजिनाचा कायमचा घुंऽ बसलेला, त्यात ते बारीक आवाज मिसळून गेले, आणि मधून मधून ढोल तेवढा कळला. तुम्ही झोपलात. मग मध्ये सुट्टी झाली आणि नंतर एक टकला माणूस आला, हातात चकलीसारखी गुंडाळलेली पितळेची नळी, आणि तिच्या तोंडात उजवा हात खुपसून वाजवायला लागला.

मी विचारलं होतं, "हात घातलो तर आवाज कसो येतलो?"

"येता. वायच दबता. म्हणानच गोड लागता."

ते शिंग म्हणे तुमच्या कानातल्या घुंऽमधून सरळ आत आलं, कोणीतरी नाव घेऊन हाक मारल्यासारखं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी स्वच्छ ऐकू आलं. हे सांगताना तुमचा आवाज बदलायचा, तेवढा भाग मला आवडायचा, हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. तर एक तुकडा संपला, टकल्याने शिंग खाली केलं, सगळं गप्प. दशावतारात राजा आत गेला की आपण वाजवतो तशी तुम्ही टाळी वाजवलीत. एक, दोन, तीन.

"सगळो हॉल माझ्याकडे बघूक लागलो. थंय म्हणे तीनव तुकडे संपल्याशिवाय टाळी मारूची नसता, माका कोणी सांगलेला? बाजूच्या म्हाताऱ्या बायन माझो हात धरल्यान. रागान नाय, मायेन. चौथी टाळी हातातच रवली बघ."

असं म्हणून तुम्ही हात उघडून दाखवायचात. जणू अजून आत आहे.

दोन वर्षांनी तुम्हाला दुसऱ्याच कुठल्या बंदरात ही कॅसेट मिळाली, वर त्याच हॉलचं चित्र आणि तोच टकला. लोकांसमोर वाजवतानाच टेप केलेली, म्हणून खोकणं, खुर्च्या सरकणं सगळं तिच्यात आहे. बोटीवरच्या रेडिओवाल्याकडून तुम्ही कव्हरवर लिहून घेतलंत, बाजू एक सिंफनी, बाजू दोन हॉर्न. हॉर्न वाचून मला वाटलं होतं एसटीचा. आणि बाजू दोनवर पहिला तुकडा संपला की टप, टप, टप. तीन टाळ्या. पुढे काही नाही.

"ती मी."

"कशावरसून?"

"माझी टाळी माका कळना नाय?"

"टकले जगात एकच आसत काय? तुमी टेप आदी ऐकलास, तीन टाळी ऐकलास, मगे बसान गजाल रचलास."

तुम्ही इतके भडकलात त्या दिवशी की दोन दिवस माझ्या हातची पेज घेतली नाहीत. पण मी माघार घेतली नाही. दर वेळी तो भाग आला की तुम्ही बोट वर करायचात आणि मी मुद्दाम भांडी वाजवायची. मंजी झाल्यावर तर तुम्ही तिचे दोन्ही हात धरून त्या टाळ्यांबरोबर तिला वाजवायला लावायचात. मी म्हणायची, त्या पोराला तरी खोटं शिकवू नका.

दहा दिवस सुतक. टेप लावायची नाही. मला मात्र एकदा लावून बघायची होती, ते शिंग, मंजी खरंच वळते का, तुम्ही असताना नाही बघितलं ते आता बघायचं होतं, आणि आता घरभर माणसं. काकीला नुसतं विचारलं तर म्हणाली, "सुतकात गाणी लावतंस? खुळावलंस काय?" हे मुंबईहून आले, बारावा झाला, मी यांच्याकडे पण विषय काढला. हे म्हणाले, "बाबा म्हणत होते ना ऐकता, मग ऐकता ती." आणि रजा संपली म्हणून गेले. यांना काय बोलणार, चेहरा तुमचाच, दोन वाक्यांनंतर परसात जाणार.

हे गेले त्या दुपारी मी टेप काढली. टेपला मीच शिवलेलं कापडी झाकण, कॅसेट ठेवायला त्याला खिसा, त्या खिशात मी कधी हात घातला नव्हता कारण टेप तुमची. कॅसेट काढायला गेले तर बरोबर एक वही आली. निळ्या पुठ्ठ्याची, तुमच्या बोटीवरच्या लॉगसारख्या उभ्या रेघा आखलेली. तुम्ही सांगायचात मला, इंजिनात दर पाळीला लॉग भरायचा, किती तापलं, किती दाब, आणि लॉगात खोटं लिहायचं नाही, लॉगात खोटं लिहिलं की बोट बुडते.

तारीख. टेपचा आकडा. आवाज. काय वाजलं. शेरा.

पहिलंच पान मी तीनदा वाचलं.

"आवाज ४. शिंग. नाय." "आवाज ५. शिंग. नाय." "आवाज ७. नाय." "आवाज ९. शिंग. वळली." खाली, "बाजू १. व्हायोलीन. आवाज ९. नाय." "ढोल. आवाज ९. वळली." मग, "सून पाण्याक गेली असता." प्रत्येक पानावर ते आहे, सून पाण्याक गेली असता, सून कपडे धुवूक गेली असता. माझी पाठ वळायची तुम्ही वाट बघत होतात. व्हायोलीनच्या रांगेत शेवटपर्यंत एकच शब्द, नाय, नाय, नाय, नाय. आणि मला सकाळ-संध्याकाळ काय सांगत होतात, ऐकता ती.

तारीख बघितली पहिल्या पानावरची. मंजी तेव्हा सहा महिन्यांची होती. मी आठव्या महिन्यात घाबरले, बाबानू. तुम्ही माझ्या आधी दोन महिने घाबरलेले होतात. एकाच घरात, एका चुलीवरचं खाऊन, मी तुमच्यापासून लपून चमचे वाजवत होते आणि तुम्ही माझ्यापासून लपून शिंग. मला वाटत होतं की मी एकटीच आहे. निदान दोघं बसून घाबरलो असतो. तुम्ही मला एवढी लहान समजत होतात? वीस वर्षांची आहे मी. मला इतका राग आला की वही चुलीत घालणार होते, हात चुलीपर्यंत गेला होता.

मग शेवटचं पान बघितलं. त्या सकाळची तारीख. बाजू दोन. आवाज ८. शिंग. आणि शेरा कोरा. तेव्हाच मी हंडा घेऊन आत आले होते.

वहीच्या पाठच्या पुठ्ठ्यात एक चिठ्ठी घडी करून ठेवलेली, पणजीच्या डॉक्टरची, वर मंजीचं नाव आणि पुढच्या महिन्यातली तारीख. म्हणजे पेन्शनच्या कामाला जातो सांगून गेलात, संध्याकाळी पाय सुजवून आलात आणि मी विचारलं काम झालं काय तर म्हणालात "अर्धां झाला," ते हे.

गेले मी. एका हातात मंजी, खांद्यावर पिशवी, पिशवीत तुमची वही. मालवणात गाडी बदलली, पुढे कुडाळ, सावंतवाडी करत पणजी. एवढ्या लांब मी एकटी कधी गेले नव्हते. बांद्याला मंजी ओकली. एका बाईने विचारलं बरोबर कोण नाही का, मी म्हटलं सासरे आहेत, पुढच्या सीटवर. का म्हटलं माहीत नाही.

डॉक्टर चिठ्ठी बघून दाराकडे बघायला लागले. "आजोबा नाही आले?"

मी सांगितलं. त्यांनी चिठ्ठी घडी करून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "तुमचे सासरे आले तेव्हा मला वाटलं स्वतःचे कान दाखवायला आलेत. मी तपासायला गेलो तर हात बाजूला केला माझा. म्हणाले माझे गेले ते गेले, हे बघा. आणि वही पुढे ठेवली. निम्मं काम त्यांनीच केलं होतं. मुलीला बारीक आवाज पोचत नाहीत, जाड आवाज मोठा केला तर पोचतो, हे मला त्या वहीवरूनच कळत होतं."

मग त्यांनी मंजीच्या मागे बसून घंटी वाजवली, खुळखुळा वाजवला, छोटा ढोल वाजवला. घंटीला नाही. ढोलाला वळली. मी विचारलं, हे ठार आहे का. ठार बहिरी हा शब्द माझ्या तोंडातून पुरा आला नाही. ते म्हणाले, "नाही. कोणीतरी तिच्या कानावर हात धरून ठेवलाय असं समजा. आवाज दबतो, पण आत जातो. मशीन लावायचं. बोलायला शिकेल, मेहनत आहे, पण शिकेल."

हात घातला तरी आवाज येतो, जरा दबतो. हे मला आधीच कोणीतरी सांगितलं होतं.

मी रडले नाही, मी डॉक्टरवर चिडले. तुम्ही नव्हतात ना चिडायला. म्हटलं, मंजी सहा महिन्यांची असल्यापासून त्यांना कळत होतं तर तुम्ही त्यांना सांगायचं ना, सुनेला घेऊन या म्हणून. डॉक्टर म्हणाले, "सांगितलं मी. ते म्हणाले सून घाबरट आहे, कळलं तर तिचं दूध आटेल. पोर अंगावर पितं आहे तोवर नको. जरा जेवायला लागली की मीच दोघींना घेऊन येतो. मी म्हटलं तसं काही होत नसतं. ते म्हणाले, तुम्हाला कानातलं कळतं."

दूध पुरता मां पोराक. हळीव. मेथ्या. बोंडीच्या बिया.

काय करू मी तुमचं. दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून मी हसायला लागले, आणि मंजी माझ्या तोंडाकडे बघून हसायला लागली, आणि समोरची बाई उठून पलीकडे जाऊन बसली. माझं दूध आटलं नाही, बाबानू. तुम्ही गेलात त्या दिवशीही आटलं नाही. एवढी घाबरट नाही मी. आहे, पण एवढी नाही. हे तुम्ही एकदा विचारलं असतात तर मी सांगितलं असतं. पण तुम्ही दुधाचं रोज विचारलंत आणि हे एकदा नाही.

आणि तरी एक तुमच्या बाजूचं आहे, ते पण लिहिते. यांना पत्र लिहायचं असलं की मी तुमच्याकडे यायची, तुम्ही लिहा म्हणून. तुम्ही कधी लिहून दिलं नाहीत. "चुकलां तरी चालात. तुझ्या हातान लिही." म्हणून आज हे येतं आहे. नाहीतर हे सगळं घेऊन मी कोणाकडे गेले असते, काकीकडे?

डॉक्टरांनी कपाटातलं एक मशीन महिनाभर वापरायला दिलं. काड्यापेटीपेक्षा मोठी पेटी, तिला वायर, वायरच्या टोकाला कानात घालायचं बोंडूक. मी मंजीच्या झबल्याला पुढे खिसा शिवला, पेटी त्यात बसते. पहिले दोन दिवस ती ओढून काढायची. तिसऱ्या दिवशी कोंबडा आरवला आणि ती माझ्या गळ्याला येऊन चिकटली. घाबरली. मीही घाबरले, तिला एवढं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. आवाजाला घाबरायचं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

काल दुपारी टेप लावली. बाजू दोन. बटण चारवर, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. काकी नेमकी ताक मागायला आलेली, ती पण उंबऱ्यावर बसली. "सुतक फिटलां मां? लाव तर मगे." मी मंजीच्या मागे उकिडवी बसले, तुम्ही बसायचात तशी, आणि मग कळलं की तिथून तिचा गाल दिसतो, म्हणून तुम्ही तिथे बसायचात. टेपमध्ये बाकीची माणसं वाजवत होती, मंजी पोपट चोखत होती. मग शिंग आलं. पोपट तोंडातून काढला. मान फिरवली, टेपकडे नाही, पडवीकडे. तुमच्या खुर्चीकडे. मग टेपकडे.

मी पहिल्यांदा ते शिंग पुरतं ऐकलं. वाईट नाही. एवढंच म्हणेन.

पहिला तुकडा संपला. टप, टप, टप. आणि मंजीने पोपट टाकून दोन्ही हात वर केले आणि टाळ्या वाजवल्या. एक नाही, सात-आठ, थांबेना, पुढचा तुकडा सुरू झाला तरी वाजवतेच आहे. काकी म्हणाली, "कोणी शिकवल्यान गो ह्यां?"

मी वही उघडली. तुम्ही पेन्सिल जिथे ठेवायचात तिथूनच घेतली, म्हणजे मी पण आता कानावर ठेवते. कोरा शेरा कोराच ठेवला, तिथे काय झालं असतं ते मला माहीत नाही, आणि लॉगात खोटं लिहायचं नाही. पानं उलटताना एका ओळीवर नजर गेली, मंजी नऊ महिन्यांची असतानाची. "बाजू २. आवाज ९. टाळ्या ३ (माझ्या). वळली." मला तोंडाने इतके महिने खोटं सांगणाऱ्या माणसाने इथे एका ठिकाणी खोटं लिहिलेलं नाही. स्वतःच्या नातीपुढे नाय, नाय लिहिणारा माणूस टाळीचं तेवढं खोटं लिहील काय. बराच वेळ बघत बसले मी त्या कंसाकडे.

मग खाली लिहिलं. बाजू २. आवाज ४. मशीन लावून. शिंग. वळली. पुढच्या ओळीत, टाळ्या ३ (बाबांच्या). त्याच्या पुढे, टाळ्या ७-८ (मंजीच्या). त्यातली पहिली जी आहे ती तुमची चौथी धरा, बाकीच्या तिच्या.

तुकडा संपल्याशिवाय टाळी वाजवायची नसते हे तिला सांगून बघितलं. आज सकाळी परत लावली, परत तिथेच वाजवल्या, माझ्याकडे बघून, मुद्दाम. ऐकूक येता तिका आता, बाबानू. पण ऐकत नाय. तुमचीच नात.